‘कायमचा हृदयरोगी’ म्हणण्याची घाई नको

हृदयस्नायूला दाह झाला की माणूस आयुष्यभराचा हृदयरोगी, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे सरसकट टिकत नाही. इटलीतील लोम्बार्डीच्या ४४३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) सुरुवातीलाच ठोक्यांची लय, रक्तदाब आणि हृदयाची ताकद शाबूत असलेल्यांपैकी पाच वर्षांत हृदयविकाराने कोणी दगावले नाही, कोणाला प्रत्यारोपण लागले नाही. सुरुवातीलाच गुंतागुंत असलेल्यांत असा मृत्यू किंवा प्रत्यारोपण यांचे पाच वर्षांतले प्रमाण १४.७ टक्के होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामातूनही दिसते की लाल विंचवाच्या विषाने गळाठलेले हृदय प्राझोसिन हे औषध वेळेत मिळाल्यास बहुधा सावरते. हृदय सावरतेच, तर मग पुढची तपासणी कशाला, असा आक्षेप येईल. पण बरे वाटणे आणि हृदय बरे होणे वेगळे. म्हणून अशा आजारातून उठलेल्याने शेतात चिखलणीला उतरण्याआधी हृदयाचा इको करायलाच हवा, त्यासाठी हरसूलहून नाशिक गाठावे लागले तरी.

— एक वाचक, हरसूल