लिंबाच्या रसातली पत्रे

‘कॉन्व्हेंट’ म्हटले की आपल्याला इंग्रजी, शिस्त आणि प्रवेशासाठीची धावपळ आठवते. हा शब्द ज्यांच्यामुळे शाळेला चिकटला, त्या बायका सहसा आठवत नाहीत. इंग्लंडच्या मेरी वॉर्डने १६०९ मध्ये संघ उभारून मुलींसाठी शाळा काढल्या. संन्यासिनींनी मठाच्या भिंतीआड राहावे, हा तेव्हाचा दंडक. तो तिने मानला नाही. १६३१ मध्ये पोपने संघ बरखास्त केला आणि म्युनिचमध्ये ती पाखंडी ठरून कैदेत पडली. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रे लिही. कागद शेकला की अक्षरे उमटत. रोमने तिला संस्थापिका मानले, पण १९०९ साली!

तिचा वारसा सांगणाऱ्या लोरेटो सिस्टर्स १८४१ मध्ये आयर्लंडहून कलकत्त्यास आल्या. आता सिस्टर्सची संख्या घटते आहे. अशा शाळेची कॅथलिक ओळख क्रूसाने टिकेल की प्रार्थनेने, हा प्रश्न चर्चमध्ये विचारला जातो. आम्ही आधी प्रवेशयादी पाहू. १९७९ मध्ये सियालदहच्या लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या सिस्टर सिरिल मूनी यांनी तीच बदलली. फी न भरणाऱ्या मुली वाढवत त्यांनी निम्म्यावर नेल्या. फुटपाथवरच्या मुलींना शाळेतच जागा दिली, आणि त्यांना शिकवायला बसवले ते शाळेतल्याच मुलींना.