परसबाग : कंद न खाणाऱ्या घरातील कंद

नेरसारख्या तालुक्याच्या गावात पुढे दुकान, मागे घर आणि घरामागे परस अशी जुनी मांडणी आजही आढळते. परसातील चार वाफ्यांत मेथी, पालक, भेंडी, चवळी, दोडका असा घरापुरता भाजीपाला होतो. ज्या स्वयंपाकघरात कांदा-बटाटा येत नाही, त्याच घराच्या परसात मात्र एक कंद न लावता पिकत असतो. तो म्हणजे लव्हाळा. दुकानात नागरमोथा या नावाने तोलून दिला जाणारा, उटण्यात पडणारा सुगंधी कंद याच कुळातला. परंतु वाफ्यात शिरलेला लव्हाळा पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

१९७७ साली लीरॉय होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिले स्थान लव्हाळ्याला आणि दुसरे हरळीला, म्हणजे गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वेला, देण्यात आले. दोन्ही नेरच्या परसात नांदतात. ‘तण खाई धन’ ही म्हण सर्वच तणांना लागू असली, तरी हंगामी तण बी धरण्यापूर्वी उपटले की संपते. बहुवर्षायू तणाचे भांडवल मात्र जमिनीखाली असते. वरचे पान हे केवळ व्याज होय. ते कितीही कापले तरी मुद्दल शाबूत राहते.

म्हणून प्रथम ओळख पटवावी. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवल्यास तिला तीन कडा लागतात. गवताची काडी गोल किंवा चपटी असते. त्याचे कंद बारीक दोऱ्याने जोडल्याप्रमाणे माळेत असतात आणि बहुतेक वीतभर खोलीतच सापडतात. हरळी जमिनीवर धावते, पेरापेराला मुळे टाकते आणि तिच्या पांढऱ्या काशा मातीखालीही पसरतात. कुंदा हे काळ्या कसदार जमिनीतील गवत. त्याची मुळे दीड-दोन फूट खाली जातात. पांढऱ्या-गुलाबी नरसाळ्यासारख्या फुलांची चांदवेल भाजीला वेढे घालते; तिचे मूळ याहूनही खोल असते.

येथेच नेहमीची चूक घडते. तण दिसले की फावडे किंवा यंत्र फिरवून माती भुसभुशीत केली जाते. हरळीच्या काशांचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेरातून नवे रोप उभे राहते. लव्हाळ्याच्या माळेत टोकाचा कंद वाढत असेतो मागचे कंद बहुधा निद्रिस्त असतात. माळ तुटली की ते जागे होतात. ओलीत हाताने उपटल्यास पान हातात येते आणि कंद तेथेच राहतो. एकाच्या जागी दहा उगवतात ते यामुळेच.

उपायाची खरी वेळ उन्हाळा होय. निवडलेल्या वाफ्याचे पाणी फेब्रुवारीनंतर तोडावे. एक उन्हाळी भाजी त्यासाठी सोडावी लागते, हे मान्य करूनच कामाला लागावे. एप्रिल-मेच्या उन्हात कोरडे ढेकूळ कुदळीने उलटे करून, न चिरडता, काशा व कंद हाताने वेचावेत. ते पत्र्यावर पसरून खडखडीत वाळू द्यावेत. लव्हाळ्याचा कंद वाळला की मरतो. जाळण्याची गरज पडत नाही. ओले कंद शेणखताच्या खड्ड्यात मात्र कधीही टाकू नयेत, अन्यथा पुढील वर्षी तेच खत सर्व वाफ्यांत कंद पेरते.

जयणेच्या दृष्टीनेही हाच काळ योग्य ठरतो. वरचा थर कोरडा पडला की गांडुळे ओलाव्याच्या शोधात खोल उतरतात आणि वर जीवांची वर्दळ कमी असते. पावसाळ्यात तीच माती जीवांनी गजबजते. तेव्हा खणणे धर्मालाही सोयीचे नाही आणि तणाच्या नाशालाही नाही. चातुर्मासात जमिनीला हात न लावता, दर पंधरा दिवसांनी विळ्याने कोंब मातीलगत कापावेत. नवे कंद धरण्यापूर्वीच पान गेले की जुना कंद आपली शिल्लक खर्च करीत राहतो. लव्हाळा व हरळी यांना सावली सोसत नाही. म्हणून मोकळ्या वाफ्यात चवळी किंवा ताग दाट पेरावा. तूर-सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर इतर तणे दाबतो. लव्हाळ्याचे टोक मात्र काळे प्लास्टिकही भेदते, त्यामुळे केवळ आच्छादनावर विसंबू नये. कुंपणालगत फूट-दीड फुटाचा चर ठेवला तर धुऱ्यावरील हरळी आत येत नाही.

औषध मारून एका दिवसात मोकळे व्हावे, असा मोह होतो. ग्लायफोसेट पानातून कंदापर्यंत पोचते हे खरे. पण ते भाजी आणि तण असा भेद करीत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. शिवाय परसात फवारणारा बहुधा घरातला नसतो. तो रोजंदारीवर आलेला असतो. २०१७ च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. तरी पाठीवर पंप घेणाऱ्याच्या जिवाची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. ज्या पेठेत बी-बियाणे व औषधे विकली जातात, त्या पेठेतील घरांनी हे विसरू नये.

दोन-तीन वर्षे खाडा न करता हा क्रम पाळला तर मुद्दल आटते. अवघा परस एकदम हाती घेण्यापेक्षा दरवर्षी एकच वाफा स्वच्छ करावा आणि तो राखावा. व्यापारात जुनी बाकी जशी हप्त्याहप्त्याने वसूल होते, तशीच ही वसुली आहे. त्यात घाई करणाऱ्याचा तोटा होतो आणि नेमाने तगादा लावणाऱ्याचा वाफा मोकळा होतो.