ठेक्यावरचा जाब

हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगितली जाते. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत नाचगाण्याचा कार्यक्रम झाला. तबकड्या वाजवणारा कूल हर्क पुढे या संगीताचा जनक ठरला; पण कार्यक्रमाचा घाट घातला होता त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने, शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून. मुलींना प्रवेश २५ सेंट, मुलग्यांना ५०. पुढे १९८२ मध्ये वस्तीतल्या हलाखीवरचे ‘द मेसेज’ हे गाणे निघाले, तेही निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सन हिने गायक राजी नसताना रेटले म्हणून. बायका हिप हॉपमध्ये मागाहून आल्या, हा समज खरा नाही.

हिप हॉपच्या गाण्याला, म्हणजे रॅपला, वाद्यवृंद लागत नाही की वर्षानुवर्षांची तालीम. ठेका, यमक आणि छातीत साचलेले काही एवढ्यावर भागते. अफगाणिस्तानातल्या हेरातची सोनिता अलीझादे इराणमध्ये निर्वासित म्हणून वाढली. तिथे बाईने जाहीरपणे एकटीने गाण्याला मनाई. भावाच्या लग्नात देज द्यायचे, म्हणून ९००० डॉलर घेऊन सोनिताला उजवण्याचा घरात विचार होता. २०१४ मध्ये तिने नवरीच्या वेशात, कपाळावर बारकोड रंगवून, विकायला काढलेल्या मुलीचे गाऱ्हाणे फारसीत मांडले. तिच्यावर माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शिकेने लग्न लांबणीवर टाकण्यासाठी आईला २००० डॉलर दिले. माहितीपटकाराने असा हात घालावा का, यावर बरीच चर्चा झाली. ती जाणकारांनी करावी. मुलगी सुटली आणि अमेरिकेत शिकायला गेली.

भारतातली रॅपर सोफिया अश्रफ हिचे लक्ष्य घर नव्हते, कंपनी होती. कोडाईकनालचा युनिलिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २००१ मध्ये बंद पडला. माजी कामगार त्यानंतर वर्षानुवर्षे भरपाईसाठी झगडत होते. २०१५ मध्ये सोफियाने निकी मिनाजच्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर युनिलिव्हरला जाब विचारला आणि ती चित्रफीत लाखोंनी पाहिली. मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला. कामामुळे प्रकृती बिघडल्याचे कंपनीने मात्र कबूल केले नाही. यश एकट्या गाण्याचे म्हणणे कामगारांवर अन्याय ठरेल. गाण्याने त्यांची जुनी लढाई कोडाईकनालच्या बाहेर नेली, आणि ते काम थोडके नाही.

सेनेगलमध्ये मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनावर १९९९ पासून बंदी आहे, पण रूढी कायद्याला जुमानत नाही. ती रूढी स्वतः सोसलेली रॅपर सिस्टर फा शाळाशाळांतून गाते आणि मुलांशी बोलते. घरात ज्याचा उच्चार होत नाही, ते आधी तिच्या तोंडून ऐकू येते. चिलीच्या निर्वासित आईबापांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेली आना तिजू चिलीतल्या २०११ च्या विद्यार्थी आंदोलनात ऐकली गेली.

मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा केवळ मुलींचा गट अनेक भाषांत रॅप करतो. महादेव कोळी समाजातली माही जी जंगल आणि पाण्याचे प्रश्न मराठीतही मांडते. वाचकांनी तिचे एखादे मराठी गाणे जरूर लावावे. ते समजायला भाषांतर लागणार नाही.