एका पत्त्यावर बारा बिऱ्हाडें

आमच्या मातोश्री गेल्या पावसाळ्यांत रात्रीं उठतांना पडल्या. तेव्हांपासून अमेरिकेंतील पुतण्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मातोश्रींच्या संमतीनें त्यानें त्यांच्या खोलींत एक कॅमेरा बसवून घेतला. पण तिकडून त्याला कांहीं केल्या चित्र दिसेना. घरांत संगणकांचीं जाळीं जोडणारा काका असून ही दशा! सौ.नें दोन शब्द सुनावले, ते योग्यच होते.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, पत्त्याचा होता. इंटरनेटवरील यंत्रास पत्ता लागतो. तो शून्य व एक अशा ३२ चिन्हांनीं लिहावा असें पूर्वीं ठरलें. त्यांतून सुमारें ४३० कोटी पत्ते निघतात. आरंभीं तें सारें प्रयोगापुरतें होतें, म्हणून एवढे पत्ते विपुल वाटले. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती कोठारांतील शेवटचे गठ्ठे वांटून संपले.

वाचकांनीं जुन्या वाड्यांची आठवण करावी. दिंडी दरवाजा एक, आंत बारा बिऱ्हाडें. आणि कोणाचें पत्र कोणाकडे, हें ओटीवर बसलेले एखादे अण्णा सांगत. आमच्या धंद्यानें तेंच केलें. घराला पत्ता एक, आंतल्या यंत्रांना खाजगी नांवें, आणि वांटप राउटरकडे. १९९४ मध्यें ही युक्ति तात्पुरती म्हणून मांडली गेली होती. पुढें कंपन्यांनीं अनेक घरांसही एकाच पत्त्यावर बसविलें. आंतून पत्र गेलें, तर अण्णांच्या वहींत नोंद असते व उत्तर बिनचूक पोंचतें. बाहेरून कोणी आपण होऊन आला, तर नोंद नाहीं म्हणून तो दारांतूनच परत जातो. पुतण्याचें असेंच झालें. पुष्कळ कॅमेरे कंपनीच्या मध्यस्थीनें ही अडचण टाळतात. पण आजीचें चित्र परक्याच्या कोठींत पडूं नये, असा त्याचा आग्रह. शिवाय एका बिऱ्हाडानें आगळीक केली, कीं दूरचा एखादा दुकानदार सबंध वाड्याचेंच नांव काळ्या यादींत घालतो, तें निराळेंच.

खरा उपाय १९९५ पासून कागदावर आहे. आयपीच्या सहाव्या आवृत्तींत पत्ता १२८ चिन्हांचा असतो. मग टंचाई कसली? ६ जून २०१२ रोजीं अनेक बड्या कंपन्यांनीं ती कायमची सुरू केली. २०१६ मध्यें आलेल्या जिओच्या मोबाईल जाळ्यानें ती आपल्याकडे घरोघरीं नेली. कचेऱ्या मात्र हलत नाहींत. सध्यां अशाच एका कचेरीचें काम मजकडे आहे. तेथील व्यवस्थापक दर भेटींत विचारतात, “चालतें आहे ना? मग हात कशाला लावतां?”

त्यांना हंसण्याचा अधिकार मला नाहीं. आमच्या घरचा राउटर बसविणाऱ्यानें नवी पद्धति बंदच ठेविली होती, आणि तीन वर्षांत तें पाहण्याचें मला सुचलें नाहीं! ती चालू करण्यास पांच मिनिटें लागलीं. पहारा बसविण्यास सबंध संध्याकाळ. कारण आतां प्रत्येक यंत्राला रस्त्यावर उघडणारें स्वतंत्र दार मिळतें, आणि पहारा नसेल तर म्हाताऱ्या माणसाच्या खोलींत कोणीही डोकावेल. पुतण्याच्या घरच्या पत्त्यापुरती वाट मोकळी ठेवून बाकीच्या बंद केल्या.

दुसऱ्या दिवशीं त्याला चित्र दिसलें. मातोश्रींस तें सांगितलें, तर म्हणाल्या, “तो मला पाहतो, मीं त्याला केव्हां पाहावयाचें?” दिवाळीच्या आंत तेंही जमवावयाचें आहे.