हँडल एका बाजूला का ओढतं?

पाऊस तोंडावर आला की सुरतेत दोन विषय निघतात: भजी आणि तापी. भज्यांवर घरोघरी तज्ज्ञ आहेत, म्हणून आज तापीकडे वळू. तेही बोटीच्या मागे लावलेल्या मोटरीतल्या एका तळहाताएवढ्या तुकड्याच्या निमित्ताने.

मुलताईला उगम पावून, आपल्यातल्या अनेकांच्या गावाकडच्या भुसावळ-जळगाव परिसरातून वाहत ही नदी इथे समुद्राला मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. तेव्हा गल्लीगल्लीतून बोटी फिरल्या. त्या दिवसांबद्दल घरातल्या मोठ्यांना जरूर विचारा. माझ्या ओळखीतली तरुण मुलं हल्ली पूर-बचावाचं प्रशिक्षण घेतात, आणि त्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो: "काका, बोट सारखी एका बाजूला ओढते, हात भरून येतो."

तो दोष त्यांच्या हाताचा नाही. आउटबोर्ड मोटरला वेगळं सुकाणू नसतं, अख्खी मोटरच वळते. तिचा पंखा बहुधा मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे उजवीकडची पाती खाली जातात आणि डावीकडची वर येतात. पंख्याचा दांडा पाण्याच्या प्रवाहाशी अगदी समांतर असेल तर दोन्हीकडे जोर सारखा. पण मोटरचा खालचा भाग बोटीकडे आत झुकलेला असेल, तर खाली जाणारी पाती पाण्याला जास्त जोराने ढकलतात आणि बोट उजवीकडे ओढते. मोटर फार बाहेर उचलली की उलट घडतं, बोट डावीकडे जाऊ पाहते.

यावरचा उपाय म्हणजे ट्रिम टॅब. अनेक मोटरींमध्ये पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीखाली एक छोटा पर दिसतो. तो बोल्टने बसवलेला असतो आणि थोडा वळवता येतो. (बोटीच्या मागच्या फळीला खाली लावतात त्या पट्ट्यांनाही ट्रिम टॅबच म्हणतात, पण त्या वेगळ्या.) नियम सोपा आहे: बोट उजवीकडे ओढत असेल तर पराचं मागचं टोक उजवीकडे वळवा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. ऐकायला उलटं वाटतं ना? पराने पाणी उजवीकडे फेकलं की पाणी पराला डावीकडे ढकलतं. मोटरचा मागचा भाग डावीकडे सरकतो, आणि मोटर तशी वळली की बोटीचं तोंडही डावीकडे वळतं. उजवीकडची ओढ अशी फिटते.

मात्र पान्याला हात लावण्याआधी बोटीतलं वजन पाहा. चार माणसं एकाच कडेला बसली असतील तर बिचाऱ्या पराला दोष देऊ नका. वजन सारखं वाटा, मोटर नेहमीच्या झुकावावर ठेवा आणि नेहमीच्या वेगाने सरळ चालवून बघा. मग मोटर बंद करून बोल्ट सैल करा, पर किंचित वळवा, बोल्ट घट्ट आवळा आणि पुन्हा चालवा. हे जमणं एका वेगापुरतं आणि एका झुकावापुरतंच असतं. दोन्ही बदलले की थोडी ओढ परत येणारच.

आणखी एक गोष्ट. हा पर बऱ्याचदा जस्ताचा असतो. खाऱ्या पाण्यात तो स्वतः झिजतो आणि मोटरचं ॲल्युमिनियम वाचवतो. सिंगणपोरच्या कॉजवेखाली मगदल्ला-हजिऱ्याकडे भरतीचं खारं पाणी येतं, तिथे तो लवकर खातो. त्याला रंग कधीच लावू नका, रंगाखाली जस्त काम करत नाही. निम्म्याहून जास्त झिजला तर बदला, कारण झिजलेला पर ना मोटर वाचवतो, ना बोट सरळ ठेवतो.

इतका खटाटोप कशासाठी? पुराच्या पाण्यात एक हात हँडलवर असतो आणि दुसरा कुणाला तरी वर ओढायला लागतो. ओढणारं हँडल क्षणभर सुटलं तर बोट झटक्यात वळते आणि माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून मोटर बंद करणारी ती लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असलीच पाहिजे. पर कितीही नीट लावला तरी दोरीला सुट्टी नाही.

तेव्हा मुलामुलींनो, यंदा सरावाला गेलात की मोटरच्या मागे वाकून तो पर शोधा. सापडला, तर त्याचं मागचं टोक कुठे वळलंय ते पाहून बोट कुठे ओढत असावी हे आधीच सांगा आणि प्रशिक्षकांना चकित करा!