फ्रान्सला जायचे, पण कोणत्या दाराने?

गेल्या महिन्यात एका रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच वस्तीतल्या एका गृहस्थांनी थांबवले. "जयभीम सर, पाच मिनिटे आहेत का?" गृहस्थ रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. हातातल्या पिशवीत गुळगुळीत कागदाची एक रंगीत पुस्तिका. थोरली मुलगी बी. एस्सी. झाली आहे, फ्रान्सला शिकायला जायचे म्हणते. एजंटाने सांगितले आहे की जागा पक्की, फी वर्षाला साडेबारा हजार युरो, आणि पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरला नाही तर जागा जाईल. फंडाचे पैसे हाती आलेले आहेत. "भरू का?" एवढेच त्यांना विचारायचे होते.

आम्ही म्हटले, आठ दिवस थांबा. पुस्तिका घरी आणली, दोन रात्री वाचली, आणि फ्रेंच शिकवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनाही दाखवली. त्यातून जे कळले ते एका घरापुरते ठेवण्यासारखे नाही. इंग्लंड-अमेरिकेची माहिती आमच्या वस्त्यांत थोडीफार आहे. बाबासाहेब कुठे कुठे शिकले ते शाळकरी पोरही सांगते. फ्रान्सचे मात्र नवे आहे. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून आलेल्या अध्यक्ष माक्राँ यांनी २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत, असे उद्दिष्ट जाहीर केले. आमच्या भागातल्या एजंटांच्या पाट्यांवर आता आयफेल टॉवरही आला आहे.

पुस्तिकेत पदवीचे नाव होते 'मास्तेर'. बाई हसल्या आणि म्हणाल्या, इथेच तर मेख आहे. फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत. एक साधा 'मास्टर'. दुसऱ्यात शेवटी एक 'ई' जादा आणि आधीच्या 'ई'वर एक तिरपी रेघ. उच्चार दोन्हींचा अगदी एकच! पण पहिला शब्द कायद्याने राखलेला आहे. फ्रान्समध्ये पदव्या देण्याचा अधिकार १८८० च्या कायद्यापासून सरकारने आपल्या हाती ठेवला आहे. तीन वर्षांची 'लिसाँस' म्हणजे आपली बी. ए., बी. एस्सी.; त्यापुढे दोन वर्षांची मास्टर; मग डॉक्टरेट. ही नावे खाजगी शाळेला आपल्या मर्जीने वापरता येत नाहीत. म्हणून त्या 'बॅचलर', 'एम. एस्सी.', 'मास्तेर' अशी जवळपासची नावे लावतात. यातल्या सगळ्याच शाळा वाईट असतात असे नाही. काही खाजगी व्यवस्थापन संस्थांच्या पदव्यांना सरकारने मास्टरचा दर्जा दिलेला आहे आणि त्यांना बाजारात मानही आहे. पण दर्जा नसलेला कागद घेऊन पुढे डॉक्टरेटला गेले, की विद्यापीठ विचारते, तुमची मास्टर कुठे आहे? तेव्हा पैसे भरण्याआधी लेखी विचारावे : ही पदवी 'दिप्लोम नास्योनाल' आहे का, नसल्यास तिला सरकारचा मास्टरचा दर्जा आहे का? उत्तर गोलमोल आले तर तेही एक उत्तरच समजावे.

आता सरकारी दार पाहू. फ्रान्समध्ये विद्यापीठांचा बहुतेक खर्च सरकार उचलते. तिथल्या आणि युरोपीय संघातल्या मुलाला मास्टरसाठी वर्षाला अडीचशे युरोंच्या आसपास फी पडते. पूर्वी आपल्या मुलांनाही तीच होती. २०१९ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वेगळी झाली : लिसाँसला वर्षाला २,७७० युरो, मास्टरला ३,७७०. पुढे ती थोडी थोडी वाढत गेली आहे. सरकारचे म्हणणे असे, की एका विद्यार्थ्यामागे होणाऱ्या खर्चाचा हा जेमतेम एक तृतीयांश आहे. तिथल्या विद्यार्थी संघटनांनी याविरुद्ध आंदोलन केले, प्रकरण घटना परिषदेपर्यंत गेले, आणि त्या परिषदेने ऑक्टोबर २०१९ मध्ये निर्वाळा दिला की सरकारी उच्च शिक्षणही मोफतच्या तत्त्वात बसते, फक्त माफक फी घेता येते. अनेक विद्यापीठांनी आपल्या अधिकारात परदेशी मुलांना वाढीव फीतून सूट दिली. ही सूट विद्यापीठागणिक वेगळी असते आणि बदलत राहते, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीच विचारावे.

हिशोब करा. युरोचा भाव आज शंभर रुपयांच्या वर आहे. सरकारी मास्टर वर्षाला चार-सव्वाचार लाख रुपये, सूट मिळाली तर तीस हजारांच्याही आत. पुस्तिकेतली शाळा साडेबारा लाखांच्या वर. आणि सरकारी विद्यापीठ म्हणजे गरिबांसाठी काढलेली दुय्यम सोय, असा आपल्याकडचा अनुभव असला तरी तिथे तो लावू नये. सोरबॉन हे नाव सर्वांनी ऐकलेले असते. पॅरिसचे जुने विद्यापीठ १९६८ च्या विद्यार्थी उठावानंतर मोडून त्याची तेरा झाली. आज सोरबॉन हे नाव लावणारी एकाहून अधिक विद्यापीठे आहेत आणि ती सरकारी आहेत. पॅरिसबाहेर ग्रेनोबलला पदार्थविज्ञान आणि सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स, तुलूझला विमानविद्या, मोंपेलियेला वैद्यक. मोंपेलियेचे वैद्यकीय शिक्षण तर तेराव्या शतकापासून चालू आहे. ही शहरे राहायलाही पॅरिसहून स्वस्त.

परक्या देशातून येऊन याच सरकारी दाराने आत गेलेली एक मुलगी आमच्या वाचक भगिनींना ठाऊक आहे, नाव पुढे मेरी क्यूरी झाले. पोलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होते आणि वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. दोघी बहिणींनी आपसात करार केला. धाकटीने श्रीमंतांच्या घरी मुले शिकवायची नोकरी करून थोरलीला पॅरिसला डॉक्टरकीसाठी पैसे पाठवायचे, मग थोरलीने धाकटीला बोलवायचे. अशी काही वर्षे काढून १८९१ साली चोवीस वर्षांची धाकटी सोरबॉनला आली, तेव्हा आपले फ्रेंच आणि गणित दोन्ही कच्चे आहे हे तिला पहिल्याच दिवसांत कळले. १८९३ ला पदार्थविज्ञानाच्या पदवीत ती पहिली आली. मग पोलंडहून सहाशे रुबलची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गणिताची पदवी झाली. कमावती झाल्यावर तिने ती रक्कम परत केली, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडावी. शिष्यवृत्ती घेणाऱ्या आमच्या मुलांना ही गोष्ट अधूनमधून सांगायला हरकत नाही.

भाषेचे काय? मास्टरच्या पातळीवर इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम आता पुष्कळ आहेत. बारावीनंतर लिसाँसला जायचे तर मात्र बहुतेक ठिकाणी फ्रेंचच हवे, आणि तेही 'बी-२' पातळीचे. ही सहा पायऱ्यांतली चौथी पायरी आहे. नोकरी-कॉलेज सांभाळून शिकणाऱ्याला सुरुवातीपासून तिथे पोचायला दीड-दोन वर्षे धरावीत. आमचे मत असे, की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी निदान दोन पायऱ्या इथेच चढून जावे. वर्ग इंग्रजीत, पण घरमालक, डॉक्टर, अर्धवेळ कामावरचा मुकादम, हे सगळे फ्रेंचमध्येच बोलणार. मुंबई-पुण्यात आलियान्स फ्रान्सेझचे वर्ग आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग चालतात.

अर्ज 'कॅम्पस फ्रान्स' या फ्रेंच सरकारच्या संस्थेमार्फत जातो, मुलाखतही तिथेच होते, मग व्हिसा. हे सगळे मूल स्वतः करू शकते, एजंट लागत नाही. व्हिसासाठी दरमहा किमान ६१५ युरो खर्चायची ऐपत दाखवावी लागते. पॅरिसमध्ये तेवढ्यात भागत नाही, हे धरून चालावे. विद्यार्थ्यांसाठी सरकारी वसतिगृहे आणि खानावळी आहेत, खानावळीतले जेवण अगदी स्वस्त. पण वसतिगृहाच्या खोल्या थोड्या आणि मागणी फार. खाजगी खोली घेताना जामीनदार मागतात. त्यासाठी 'विझाल' नावाची फुकट हमी मिळते, हे पुष्कळांना माहीतच नसते. घरभाड्याला सरकारी मदत मिळत आली आहे. पण २०२५ साली तिथल्या सरकारने युरोपबाहेरच्या, शिष्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्यांची मदत बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा घरखर्चाच्या वहीत ती जमेला धरू नये. वर्षाला ९६४ तास काम करायची परवानगी आहे. त्यावर खर्चाला हातभार लागतो, फी निघत नाही.

एजंट आणखी एक गोष्ट सांगतात : शिक्षणानंतर पाच वर्षांचा व्हिसा. तो आहे, पण तिथे मास्टर झालेल्या भारतीयांना पुन्हा ये-जा करण्यासाठी, थोड्या मुक्कामाचा. त्यावर नोकरी करता येत नाही. नोकरी शोधायला वेगळा परवाना असतो, भारतीयांना तो एक वर्षाचा आणि एकदा वाढवून मिळणारा. या दोन गोष्टींची सरमिसळ करून कर्ज काढायला लावणे ही शुद्ध फसवणूक आहे.

शिष्यवृत्त्यांकडे वळू. फ्रेंच वकिलातीची शार्पाक शिष्यवृत्ती भारतीयांसाठीच आहे. जॉर्ज शार्पाक हे १९९२ चे नोबेल विजेते शास्त्रज्ञ. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू, सातव्या वर्षी आईबापांबरोबर पॅरिसला आले, तरुणपणी नाझींच्या डाखाउ छळछावणीत राहिले. दुसरी आयफेल, मास्टरला दरमहा १,२०० युरो. तिला विद्यार्थ्याने थेट अर्ज करायचा नसतो, संस्थाच नाव पाठवते. म्हणून संस्थेला हिवाळ्याच्या सुरुवातीलाच लिहावे लागते, आणि मास्टरसाठी वयाची अट पंचविसाची आहे.

आपल्याकडच्या दोन. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी, जागा ७५, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत हवे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींना, क्रमवारी पाचशेपर्यंत. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही ती मिळते. गोम असी, की फ्रान्समधल्या काही उत्तम संस्था इतक्या लहान आहेत की क्रमवारीत दिसतच नाहीत. पॅरिस-साक्ले, पीएसएल, सोरबॉन युनिव्हर्सिटी, पॅरिसची पॉलिटेक्निक संस्था ही नावे मात्र पहिल्या दोनशेत आहेत. पैशाचेही सांगून ठेवतो : २०२५ साली केंद्राने १०६ जणांची निवड केली आणि निधीचे कारण देऊन सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे दिली. पत्र हाती येईपर्यंत नोकरी सोडू नये, तिकीट काढू नये.

आणि ज्या दाराबद्दल एजंट कधीच बोलत नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही, ते डॉक्टरेटचे. फ्रान्समध्ये डॉक्टरेट करणारा बहुधा करारावरचा नोकरदार असतो. तीन वर्षांचा करार, दरमहा कपातीपूर्वी दोन हजार युरोंहून जास्त पगार, रजा, आजारपणाचा विमा. फीही तिथल्या मुलाइतकीच, चारशे युरोंच्या आसपास. इथे दोन वर्षांची एम. एस्सी. चांगल्या गुणांनी केलेली मुलगी थेट त्यासाठी अर्ज करू शकते. फंडाच्या पैशाला हात न लावता फ्रान्सला जाण्याचा हा मार्ग आहे. विज्ञानाच्या मुलांना तो जास्त सोपा. इतिहास-समाजशास्त्रात असे करार कमी मिळतात, हे खरे.

आठ दिवसांनी आम्ही हे सगळे त्या गृहस्थांच्या घरी बसून सांगितले. मुलगी आधी रुसली. तिच्या मैत्रिणीने हप्ता भरला होता. मग तिने स्वतःच शाळेला पदवीच्या दर्जाविषयी पत्र लिहिले. उत्तरात वसतिगृहाची छायाचित्रे आली, दर्जाबद्दल एक ओळ नाही. आता तिने एम. एस्सी.चा अर्ज भरला आहे आणि शनिवार-रविवार फ्रेंचच्या वर्गाला जाते. वडिलांनी पैसे पोस्टात ठेवले. पुस्तिका आमच्याकडेच राहिली होती. कागद जाड आणि छान होता, आमच्या नातवाने त्याची वह्यांना कव्हरे घातली.