मृत्युपत्राची पळवाट

“अण्णांची इच्छाच तशी होती,” म्हणत भावाने कागद पुढे केला. समोर बसलेल्या ताईंनी सात वर्षं त्याच अण्णांचं गू-मूत काढलेलं. घर मुलाला, बँकेतली ठेव मुलाला. आणि मुलीसाठी एक वाक्य, ‘तिला लग्नात भरपूर दिले आहे.’ खाली दोन साक्षीदार, दोघेही भावकीतले.

कायदा आपल्या बाजूने आहे, असं मेळाव्यांतून मीच सांगत आले. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. पण त्याच हिंदू वारसा कायद्यातलं कलम ३० आम्ही कितीजणींनी वाचलं? स्वकष्टाची सगळी मिळकत आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सा माणूस मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतो. शहरात वडिलोपार्जित असतं काय? बापाने घेतलेली दोन खोल्यांची जागा. ती मृत्युपत्राने गेली, की मुलीच्या हाती धुपाटणं.

मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात निम्मी मिळकत मुलांसाठी, म्हणजे मुलींसाठीही, राखीव असते. मग हिंदू मुलींनीच बापाच्या मर्जीवर का राहायचं? मृत्युपत्राचं स्वातंत्र्य हवंच, असं सांगणाऱ्या वकीलसाहेबांना माझा प्रश्न आहे: ही स्वतंत्र इच्छा मुलाकडेच कशी वळते हो? कलम ३० ला मर्यादा घाला, निम्म्याची तरी.

ताई कोर्टात जायला तयार नाहीत. “माहेर तुटेल,” म्हणाल्या. “कुठलं माहेर?” माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.